सुतळीवरचा ३-मिथाइलपेंटेन: अकरावीच्या वर्गातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गिरणा नदीच्या काठावरच्या एका तालुक्यात मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. हे प्रकरण माझ्या अकरावीच्या वर्गातल्या एका मुलीचं आहे. ओळख पटू नये म्हणून तिचं नाव, गाव आणि काही बारीक तपशील गाळले किंवा बदलले आहेत. तिच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण सगळं प्रकरण त्या चुकांभोवतीच फिरतं.

आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. अकरावी विज्ञानाला आलं की पुस्तक इंग्रजी आणि पेपरही इंग्रजी. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि आता कागदावर इंग्रजी, अशा तीन भाषा सांभाळत ही पोरं सेंद्रिय रसायनशास्त्राच्या दारात येतात. ही मुलगी त्यांच्यातलीच. घरी कापूस आणि मका. सकाळच्या पहिल्या एसटीनं यायची. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत तिचे काही तास बुडाले होते, पण ती मागे पडणारी नव्हती. गणितात वर्गात पहिल्या चार-पाचांत. आकडेमोडीची गणितं ती माझ्या आधी सोडवून मोकळी व्हायची.

दहावीच्या पुस्तकात मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन अशी एक ते चार कार्बनच्या सरळ शृंखलेची नावं होऊन गेलेली असतात. अकरावीत शाखा फुटतात (एक कार्बनची शाखा मिथाइल, दोनची इथाइल, तीनची प्रोपाइल, चारची ब्युटाइल) आणि तिथून खरी परीक्षा सुरू होते. पाच कार्बनचा पेंटेन तीन प्रकारे जोडता येतो, सहा कार्बनचा हेक्झेन पाच प्रकारे, सातचा हेप्टेन नऊ, आठचा ऑक्टेन अठरा आणि दहा कार्बनचा तब्बल ७५ प्रकारे. हे नुसते कागदावरचे खेळ नाहीत. सरळ पेंटेन ३६ अंश सेल्सिअसला उकळतो, एक शाखा असलेला २८ अंशांच्या आसपास आणि दोन शाखांचा साडेनऊ अंशांनाच. अणू तेवढेच, सूत्र तेच, तरी पदार्थ तीन. म्हणून नाव असं हवं की ते ऐकून जगातल्या कुठल्याही माणसानं तीच रचना काढावी. १८९२ साली जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञ याच कामासाठी जमले होते. १९१९ साली आययूपॅक ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि पुढे या नियमांची जबाबदारी तिच्याकडे आली.

वर्गात मी हे सांगतो तेव्हा घरातली उदाहरणं देतो. नव्या फ्रिजच्या मागच्या पट्टीवर आर-६००ए लिहिलेलं असतं, तो वायू म्हणजे २-मिथाइलप्रोपेन. पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक ज्या मोजपट्टीवर ठरतो, तिच्या एका टोकाला सरळ हेप्टेन आहे, त्याला ० धरतात. दुसऱ्या टोकाला २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन, त्याला १००. सरळ साखळीनं इंजिन ठोके देतं, शाखा असलेल्या रेणूनं ते शांत चालतं. मुलांना हे आवडतं. पण आवडलं म्हणजे नाव देता आलं असं होत नाही.

अडचण

धडा संपल्यावर मी दहा रचनांची चाचणी घेतली. प्रत्येकीचं नाव लिहायचं. या मुलीला दहापैकी तीन मिळाले. मी तिच्या कागदावर लाल पेनानं लिहिलं: ‘नियम नीट पाठ कर.’ ते वाक्य आज मला टोचतं.

दहा दिवसांनी मी वर्गात सगळे नियम पुन्हा सांगितले. सर्वांत लांब शृंखला शोधा, शाखांना लहानात लहान क्रमांक येतील अशा टोकाकडून मोजा, शाखांची नावं इंग्रजी वर्णक्रमानं लावा. मुलांना सोपं जावं म्हणून रेल्वेचा दाखला दिला. मुंबईहून भुसावळला जाणारा लोहमार्ग म्हणजे मुख्य शृंखला, चाळीसगावहून धुळ्याला फुटणारा फाटा म्हणजे शाखा, पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी जुनी छोटी लाइन ही आणखी एक शाखा. फाटा कुठल्या स्टेशनावर फुटतो तो क्रमांक. मुलं हसली, माना डोलावल्या. मलाही वाटलं, जमलं.

दुसऱ्या चाचणीत तिला पुन्हा तीन.

दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि पहिल्यांदाच माझं लक्ष गुणांवरून चुकांकडे गेलं. रचना वेगळ्या होत्या, चुका त्याच होत्या. आडव्या चार कार्बनच्या ओळीत दुसऱ्या कार्बनवरून दोन कार्बन खाली लोंबत होते, तिथे तिचं उत्तर २-इथाइलब्युटेन. बरोबर उत्तर ३-मिथाइलपेंटेन. आडवे सहा, तिसऱ्यावरून खाली तीन: तिनं लिहिलं ३-प्रोपाइलहेक्झेन, हवं होतं ४-इथाइलहेप्टेन. आडवे पाच आणि उजवीकडून दुसऱ्यावर एक मिथाइल: तिचं ४-मिथाइलपेंटेन, खरं २-मिथाइलपेंटेन. एका ठिकाणी २-मिथाइल-४-प्रोपाइलहेप्टेन हवं होतं. तिचे आकडे बरोबर होते, पण प्रोपाइल आधी आणि मिथाइल नंतर लिहिलं होतं. आणि एका उत्तरात, जिथे २,६,६-ट्रायमिथाइलऑक्टेन यायला हवं, तिथे ३,३,७.

ज्याला काही येत नाही त्याच्या चुका विखुरलेल्या असतात. हिच्या चुका शिस्तीत होत्या. म्हणजे ती कुठलेतरी नियम पाळत होती आणि अगदी काटेकोरपणे पाळत होती. ते नियम माझे नव्हते, एवढंच.

कोणते पर्याय होते

जादा तास घेऊन सगळं पुन्हा सांगणं हा सगळ्यांत सोपा पर्याय होता, आणि शिक्षकाच्या हाताला सवय त्याचीच असते. पण दोनदा सांगून जे पोहोचलं नाही ते तिसऱ्यांदा कसं पोहोचेल, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एका सहकाऱ्यानं सुचवलं, शंभर रचनांचा कागद दे, हात बसेल. सरावावर माझा विश्वास आहे. मात्र चुकीच्या नियमानं शंभर वेळा नाव दिलं तर तो चुकीचा नियमच पक्का होतो. शेतात तास वाकडा धरला तर बैल चांगले आहेत म्हणून तो सरळ होत नाही.

तिसरा पर्याय बोलायला लाज वाटते, पण तो शिक्षकखोलीत रोज बोलला जातो: सोडून देणे. एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत अकरावीचा भाग २० टक्के, त्यात नामकरणाचा एखादा प्रश्न. मुलगी गणितात चांगली आहे, बाकीचं सांभाळून घेईल. हिशेब म्हणून हे चूक नव्हतं. पण बारावीत हॅलोअल्केन, अल्कोहोल, आल्डिहाइड, अमाइन असे धड्यामागून धडे येतात, आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर हेच नामकरण उभं असतं. इथे पाय घसरला तर पुढे वर्षभर ती प्रत्येक धड्याच्या उंबरठ्यावर ठेचकाळणार होती.

चौथा पर्याय वेळखाऊ होता. तिला समोर बसवायचं, एकेक नाव मोठ्यानं बोलत काढायला सांगायचं आणि मी गप्प बसायचं. वर्गात ऐंशी मुलं असताना एकीसाठी असा वेळ काढणं मला अन्यायाचंही वाटलं. शेवटी मी तोच निवडला, कारण तिचे नियम कोणते हे कळल्याशिवाय बाकीचे तिन्ही पर्याय अंधारातले दगड होते.

काय केलं

दुपारची एसटी तीनला होती. प्रॅक्टिकल संपल्यावर प्रयोगशाळेत अर्धा तास मिळायचा. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर तिचाच कागद ठेवला.

“बरोबर-चूक राहू दे. हे नाव कसं काढलंस ते फक्त सांग.”

“सर, आधी मेन चेन. ही आडवी. एक, दोन, तीन, चार. म्हणजे ब्युटेन. मग खाली लोंबतंय ते. एक, दोन. इथाइल. दोन नंबरवर.”

“आडवीच का धरलीस?”

ती गोंधळली. प्रश्नच तिला विचित्र वाटला. “सर, तुम्ही आडवीच काढता ना.”

त्या संध्याकाळी मी माझी टिपणवही उघडली. वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलेली उदाहरणं तिच्यात आहेत. एकूण एक रचनेत मुख्य शृंखला आडवी होती आणि शाखा खाली किंवा वर, एक नाहीतर दोन कार्बनची. अपवाद नव्हता. तोंडानं मी ‘सर्वांत लांब’ म्हणत होतो आणि खडू ‘आडवी’ शिकवत होता. त्यात रेल्वेच्या दाखल्यानं भर घातली. मुख्य मार्ग कुठला हे रेल्वे ठरवते, लांबी मोजून कुणी ठरवत नाही. नकाशावर जाड काळी रेघ ती मुख्य, बारीक रेघ ती शाखा. मुलीनं दाखला अचूक उचलला होता. दाखलाच चुकीचा होता.

क्रमांक डावीकडून का, याचं तिचं उत्तर तितकंच साधं होतं: “वाचतो तसं.” पण जिथे दोन-तीन शाखा होत्या तिथे ती वेगळं काही करत होती. दोन्ही बाजूंनी क्रमांक देऊन बेरीज करायची आणि कमी बेरीज घ्यायची. हे तिच्या भावाच्या जुन्या क्लासच्या नोट्समधलं होतं. एकच शाखा असेल तर बेरीज कशाची करणार? म्हणून तिथे डावीकडून. आता ४-मिथाइलपेंटेन आणि ३,३,७ या दोन वेगळ्या वाटणाऱ्या चुका एका जागी आल्या.

चौथी गोष्ट मला तिच्या कच्च्या कामाच्या पानावर दिसली. ती आधी मराठीत नाव जुळवायची आणि मग इंग्रजीत उतरवायची. आपल्या वर्णमालेत इ, मग प, मग ब, मग म. त्यामुळे तिचा क्रम इथाइल, प्रोपाइल, ब्युटाइल, मिथाइल. इंग्रजीत तो ब्युटाइल, इथाइल, मिथाइल, प्रोपाइल असा लागतो. इथाइल-मिथाइल ही जोडी दोन्हीकडे त्याच क्रमानं येते आणि वर्गातली माझी निम्मी उदाहरणं याच जोडीची असल्यानं ही चूक इतके दिवस झाकून राहिली होती. ५-ब्युटाइल-३-इथाइलनोनेन दिला की ती लगेच उघडी पडायची. पुढे ब्रोमो आणि क्लोरो येतात तेव्हाही हेच होणार होतं: १-ब्रोमो-२-क्लोरोइथेन, पण आपल्याकडे क आधी आणि ब कितीतरी नंतर.

मी गप्प बसून ऐकलं म्हणून हे चारही नियम दोन दिवसांत हाती आले. आता ते मोडायचे कसे, हा पुढचा निर्णय. ‘आडवी चूक, लांब बरोबर’ हे सांगून झालं होतंच. तिच्या डोळ्यांना आडवी रेघ मुख्य दिसत होती, म्हणून डोळ्यांऐवजी हाताला काहीतरी द्यावं असं ठरवलं.

प्रयोगशाळेच्या कपाटात गठ्ठे बांधायची सुतळी होती. मी हातभर तुकडा तोडला आणि तिला चार-चार बोटांवर गाठी मारायला सांगितल्या. एक गाठ म्हणजे एक कार्बन, टोकाची गाठसुद्धा. चार गाठी झाल्या. मग दोन गाठींचा एक छोटा तुकडा दुसऱ्या गाठीला बांधायला लावला. सुतळी जुनी, तिचे केस बोटांना टोचत होते आणि गाठ आवळताना बारीक भुसा टेबलावर पडत होता. तिनं ते टेबलावर कागदातल्या चित्रासारखं मांडलं, चार आडव्या, दोन खाली.

“आता कुठलीही दोन टोकं धर आणि ताण.”

तिनं डावं आणि उजवं टोक धरलं. चार गाठी सरळ झाल्या, दोन लोंबल्या.

“दुसरी दोन धरून बघ.”

उजवं टोक आणि लोंबणारं टोक. ताणल्याबरोबर पाच गाठी एका रेषेत आल्या आणि मधल्या गाठीवर एकच गाठ लोंबकळत राहिली. ती थबकली. पुन्हा पहिल्यासारखं धरलं, पुन्हा दुसऱ्यासारखं. मग स्वतःशीच अहिराणीत म्हणाली, “आठून गयं तं चार, तठून गयं तं पाच.” (इथून गेलं तर चार, तिथून गेलं तर पाच.) आणि मग माझ्याकडे बघून, “सर, हा इथाइल नव्हताच. हा तर रस्ताच होता.”

मी तिला सांगितलं की खऱ्या रेणूतही असंच असतं. कार्बन-कार्बन एकेरी बंधाभोवती रेणू फिरत असतो, तो कागदावर पाठ टेकून झोपलेला नसतो. वळण हे चित्रकाराचं, रेणूचं नव्हे. गिरणा नाशिक जिल्ह्यातून वळणं घेत येते आणि जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. वळली म्हणून तिथून पुढे कुणी तिला दुसरं नाव देत नाही. हा दाखला रेल्वेपेक्षा बरा ठरला.

पुढच्या बैठकीत मी उलटा खेळ केला. तिनेच दिलेली चुकीची नावं घेऊन त्यांच्या सुतळ्या बांधायला लावल्या. ३-प्रोपाइलहेक्झेन बांध. तिनं सहा गाठी मारल्या, तिसरीला तीन गाठींचा तुकडा जोडला, टोकं धरून ताणलं आणि सात गाठींची सरळ रांग समोर आली. मधोमध, चौथ्या गाठीवर, दोन गाठी लोंबत होत्या. ४-इथाइलहेप्टेन. चुकीच्या नावावरूनही रचना बांधता येत होती आणि रचनाच तिला खरं नाव सांगत होती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी अर्धा तास हाच. त्या दिवसापासून तिनं माझ्या लाल खुणेची वाट बघणं सोडलं, आपलं उत्तर आपणच तपासायला लागली.

मग एक अडचणीची रचना आली. तीन वाटा फुटणारी गाठ: एका वाटेला दोन गाठी, दुसरीला तीन सरळ, तिसरीला एक गाठ आणि तिच्यावर दोन टोकं. ती ताणून बघत राहिली. “सर, दोन्हीकडून सहाच येतात. कोणती धरू?” नियम सांगून टाकणं एका वाक्याचं काम होतं. मी फक्त विचारलं, प्रत्येक वेळी किती ठिकाणी काय लोंबतंय? एकदा ताणलं तर एकच जाड शाखा लोंबत होती, दुसऱ्यांदा दोन बारीक. “दोन बारीक असलेली नावाला सोपी,” ती म्हणाली. नियमही तोच आहे: लांबी सारखी असेल तर जास्त शाखा देणारी शृंखला. नाव आलं ३-इथाइल-२-मिथाइलहेक्झेन.

बेरजेचा नियम मोडताना मी जास्त विचार केला. तो भावाच्या नोट्समधला होता आणि भाऊ घरात पहिला विज्ञान शाखेला गेलेला. ‘क्लासवाल्यानं चूक शिकवलं’ म्हटलं असतं तर तिला माझ्या आणि भावाच्या मध्ये उभं केल्यासारखं झालं असतं. शिवाय तो नियम इतका टिकला कसा, हे मलाही शोधायचं होतं. घरी बसून हिशेब केला तेव्हा कारण सापडलं. शाखा एक किंवा दोनच असतील तर कमी बेरीज आणि खरा नियम नेहमी एकच उत्तर देतात. फरक पडतो तो तीन किंवा जास्त शाखा आल्यावर, आणि तोही सगळीकडे नाही. म्हणजे नव्वद गणितं बरोबर सुटतात आणि माणसाला नियमावर शंकाच येत नाही. मुलगी गणितातली म्हणून दोन शाखांचं हे तिलाच सिद्ध करायला दिलं. दुसऱ्या दिवशी ती अर्धं पान भरून घेऊन आली, बरोबर.

मग २,६,६ आणि ३,३,७ समोर ठेवले. बेरीज १४ आणि १३. खरा नियम बेरीज बघत नाही. दोन्ही संच चढत्या क्रमानं लिहायचे आणि शब्दकोशात शब्द लावतो तसे पहिल्यापासून ताडून बघायचे. पहिला आकडा २ आणि ३; इथेच निकाल लागला, पुढचे बघायचेच नाहीत. म्हणून २,६,६-ट्रायमिथाइलऑक्टेन. पहिले आकडे सारखे असतील तर दुसरे, तेही सारखे असतील तर तिसरे. आणि सगळेच सारखे आले तर वर्णक्रमात आधी येणाऱ्या शाखेला लहान क्रमांक, जसं ३-इथाइल-४-मिथाइलहेक्झेन.

वर्णक्रमाबाबत माझा पहिला विचार होता की कच्चं कामही इंग्रजीतच करायला सांगावं. तो मी सोडला. ती मराठीत विचार करत होती म्हणूनच तिला सगळं आठवत होतं. तो आधार काढून घेण्यात शहाणपण नव्हतं. त्याऐवजी प्रत्येक शाखेच्या डोक्यावर इंग्रजी पहिलं अक्षर लिहायचं आणि क्रम त्या अक्षरांवरून लावायचा, एवढीच सवय लावली. डाय (दोन), ट्राय (तीन) क्रमात धरायचे नाहीत, हे तिला लगेच पटलं. यादीत ‘दोन पाटील’ लिहिलं तरी ते प मध्येच शोधतात. म्हणून ४-इथाइल-२,२-डायमिथाइलहेक्झेन, इथाइल आधी.

परिणाम

पाच बैठका झाल्या. तिसऱ्या चाचणीत तिला दहापैकी आठ मिळाले. राहिलेल्या दोनांपैकी एक समान लांबीच्या शृंखलेचा होता, दुसरा वेळ संपल्यामुळे कोरा. वेळ तिला अजूनही इतरांपेक्षा जास्त लागतो. परीक्षेत सुतळी नेता येत नाही. ती आता पेन्सिलीचं टोक एका टोकावर ठेवून कागदावरच वाटा चालून बघते, ओठ हलत असतात.

वर्गात सुतळी पसरली. मागच्या बाकावरच्या काही मुलांना तो बालवाडीचा प्रकार वाटला आणि त्यांनी हात लावला नाही, त्यांना मी जबरदस्ती केली नाही. पण कच्च्या कामाची पानं मी सगळ्यांची मागवली, आणि मराठी वर्णक्रमाची चूक बऱ्याच पानांवर निघाली. ती चूक फक्त हिची नव्हती. मीच ती इतके दिवस निष्काळजीपणा म्हणून खोडत आलो होतो.

वेगळं काय करता आलं असतं

‘कसं काढलंस?’ हा प्रश्न पहिल्या चाचणीनंतरच विचारायला हवा होता. तो न विचारल्यामुळे जवळजवळ महिना गेला आणि त्या महिन्यात तिनं आपले नियम आणखी घट्ट केले. ऐंशी मुलांना एकेकटं बसवणं शक्य नाही हे खरं. पण चाचणीत दहाऐवजी सहा रचना देऊन दोन उत्तरांखाली ‘मुख्य शृंखला कशी निवडली’ हे एका ओळीत, हव्या त्या भाषेत, लिहून मागता आलं असतं. या वर्षी मी तसंच करतो आहे.

फळ्यावरची पहिली रचना आता मी मुद्दाम वाकडी काढतो. लांब शृंखला कोपऱ्यातून वळून खाली जाते आणि आडव्या रेघेचा सापळा पहिल्याच तासाला सगळ्यांसमोर उघडतो. चाळीसगाव-धुळ्याचा दाखला क्रमांकापुरता ठेवला आहे, शृंखला निवडताना वापरत नाही.

एका गोष्टीचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तिचे बुडालेले तास याला किती जबाबदार होते? सुरुवातीला मी सगळा दोष त्यांच्यावर टाकला होता. पण जी मुलं रोज हजर होती त्यांच्याही पानांवर त्याच चुका निघाल्या.

पुढच्या धड्यात

अल्कीनच्या, म्हणजे दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असलेल्या संयुगांच्या, धड्यात एक दिवस तिनं हात वर केला. पुस्तकात २-इथाइलब्युट-१-ईन असं नाव होतं. “सर, हे चुकलंय. ताणलं तर पाच येतात.” तिनं आदल्या रात्री घरी सुतळी बांधून बघितली होती. तीच सुतळी, तोच सांगाडा, ज्यावर तिनं पहिल्यांदा २-इथाइलब्युटेन लिहून चूक केली होती. त्या वेळी जे नाव मी खोडलं, तसंच नाव आता पुस्तकात बरोबर म्हणून छापलेलं होतं.

आमच्या पुस्तकाचा नियम असा की मुख्य शृंखलेत दुहेरी बंध यायलाच हवा, मग ती थोडी आखूड का असेना. आययूपॅकच्या २०१३ च्या शिफारशींनी लांबीला आधी मान दिला आहे आणि त्यांच्याप्रमाणे याच रेणूचं नाव ३-मिथिलिडीनपेंटेन होतं. म्हणजे मुलीची हरकत बिनबुडाची नव्हती. मी वर्गाला दोन्ही सांगितलं, आणि परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहायचं हेही.

ती खाली बसली, दप्तरातून सुतळी काढली. लोंबणाऱ्या एका गाठीपासून मधल्या गाठीपर्यंत तिनं कापसाच्या गोणीचा लाल दोरा गुंडाळला. मग टोकं धरून ताणायला लागली, लाल दोरा ज्या ताणात सरळ होईल तेवढेच ताण मोजत. शेजारची वाकून बघत होती. “लाल सुटला की ती चेन बाद,” तिनं तिला सांगितलं आणि वहीत चार लिहिलं.